संदर्भयादीला लावलेलं कुलूप

कुठलाही शोधनिबंध हातात घ्या आणि थेट शेवटच्या पानावर जा. तिथे बारीक टायपात एक लांबलचक यादी असते. या लेखकानं कुणाचं काम वाचलं, कुणाच्या निष्कर्षावर आपला निष्कर्ष उभा केला, कुणाचं त्याला पटलं नाही, त्या सगळ्यांची नावं, वर्षं आणि पानं. ही संदर्भयादी. त्यातल्या एकेका नोंदीला कॉलेजातली मंडळी सायटेशन म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो, कारण बढतीच्या अर्जावर तोच लिहिलेला असतो.

यादी छापील असते, कुणापासून लपवलेली नसते. पण जगभरच्या अशा लाखो याद्या एकत्र करायच्या, त्या पडताळायच्या, त्यावरून काही मोजायचं, असं म्हटलं की फार थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत एकच रस्ता होता: एखाद्या मोठ्या कंपनीची वर्गणी भरा. सर्वांसमोर छापलेली गोष्ट कुलपात कशी गेली आणि बाहेर कशी आली, याची ही हकीकत आहे.

ही यादी का महत्त्वाची, ते देवळालीच्या एका माणसावरून सांगतो. देवळाली म्हटलं की आम्हा फौजेतल्या लोकांना स्कूल ऑफ आर्टिलरी आठवतं. गणितवाल्यांना आठवतात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. हे गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत तिथे शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचा आधार नाही. त्यांनी शोधलेली गंमत अशी: चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावा, ५४३२. चढत्या क्रमानं लावा, २३४५. वजाबाकी करा, ३०८७. आता ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आणि येतात ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. कुठल्याही संख्येपासून सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच आकड्यावर गाडी थांबते.

हे त्यांनी १९४९ मध्ये शोधलं. 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकी नियतकालिकात त्यांचे लेख आले, पण बाकी बरंचसं काम छोट्या नियतकालिकांत किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांत राहिलं. देशातल्या पुष्कळ गणितज्ञांनी ते पोरखेळ समजून बाजूला सारलं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि मग जगाला देवळालीचा पत्ता लागला. मधे सव्वीस वर्षं गेली.

आता यात एक अडचण बघा. कापरेकरांच्या लेखाखालची यादी मागे बघते: त्यांनी कुणाचं वाचलं. पण त्यांचं पुढे कुणी वाचलं, कुणी ते काम चार पावलं पुढे नेलं, हे त्या पानावर असूच शकत नाही. ते अजून घडायचं असतं. ते कळायला जगातल्या इतर सगळ्या लेखांच्या याद्या चाळून 'कापरेकर' हे नाव कुठेकुठे आलंय ते शोधावं लागेल. शाळामास्तर ते कसं करणार? कुणी पत्र पाठवलं तर कळणार.

वकिलांना हे कोडं आधीच सुटलेलं होतं. आपल्याकडे नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे जाडजूड खंड वकिलांच्या कपाटात असतात. जुना निकाल कोर्टात दाखवायचा तर तो पुढच्या एखाद्या निकालानं रद्द तर ठरवला नाही ना, हे आधी बघावं लागतं, नाहीतर समोरचा वकील हसतो. अमेरिकेत १८७३ पासून फ्रँक शेपर्ड यांच्या कंपनीनं नेमक्या याच कामासाठी सूची काढली: हा निकाल, आणि पुढे याचा उल्लेख करणारे हे हे निकाल. युजीन गारफील्ड या तरुण माणसानं ती पद्धत पाहिली आणि १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये लेख लिहून विचारलं, की विज्ञानासाठी असं का नको? पुढे फिलाडेल्फियात संस्था काढून त्यांनी 'सायन्स सायटेशन इंडेक्स' तयार केला. पहिल्या संचात ६१३ नियतकालिकं आणि सुमारे १४ लाख सायटेशनं होती. १९६४ पासून तो नियमित निघू लागला. गंमत म्हणजे गूगलच्या संस्थापकांनी वेबपानांचं वजन ठरवायची जी युक्ती काढली, तिचं मूळही इथेच आहे. एका पानानं दुसऱ्या पानाला लिंक दिली, म्हणजे जणू सायटेशन दिलं.

गारफील्ड यांचं काम मोलाचं होतं आणि त्याचे पैसे घेण्यात गैर काही नव्हतं. त्या काळी माणसं बसवून प्रत्येक यादी हातानं भरून घ्यावी लागे. पण पुढे वहीचे मालक बदलत गेले. १९९२ मध्ये थॉमसन, २०१६ मध्ये क्लॅरिव्हेट. आज तिला 'वेब ऑफ सायन्स' म्हणतात. २००४ मध्ये एल्सेव्हिअरनं 'स्कोपस' ही दुसरी वही उघडली. एल्सेव्हिअर हा स्वतः जगातल्या सर्वांत मोठ्या विज्ञान-प्रकाशकांपैकी एक आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दरम्यान काम हातानं करायची गरजच संपली होती. प्रकाशकांनी मिळून २००० साली 'क्रॉसरेफ' ही ना-नफा संस्था काढली. ती प्रत्येक लेखाला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक देते. फौजेत माणसाची पलटण बदलते, ठाणं बदलतं, पण पर्सनल नंबर बदलत नाही, तसंच. लेख कुठल्याही संकेतस्थळावर हलवला तरी क्रमांक तोच. क्रमांक घेताना पुष्कळ प्रकाशक लेखाची संदर्भयादीही क्रॉसरेफकडे भरत होते. म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या लेखानं कोणत्या क्रमांकाच्या लेखाचा उल्लेख केला, ही माहिती संगणकाला कळेल अशा रूपात एका जागी येऊन पडत होती. फक्त बहुतेक प्रकाशकांनी ती सर्वांसाठी खुली केलेली नव्हती. खुली करायला क्रॉसरेफला एक ईमेल पुरे होता, पण तो कुणी पाठवत नव्हतं. काहींना ती माहिती विकायची होती, आणि बऱ्याच जणांनी, माझ्या मते, विचारच केला नव्हता.

ऑक्सफर्डचे डेव्हिड शॉटन २०१० पासून हेच सांगत होते, की अमक्यानं तमक्याचा उल्लेख केला ही निव्वळ वस्तुस्थिती आहे, तिच्यावर मालकी कसली? त्यांनी आणि इटलीतल्या बोलोन्याच्या सिल्व्हियो पेरोनी यांनी 'ओपनसायटेशन्स' हा उपक्रम चालवला. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी, विकिमीडिया फाउंडेशननं आणि आणखी काही संस्थांनी मिळून खुल्या सायटेशनसाठी एक मोहीम जाहीर केली. प्रकाशकांना गाठून तो एक ईमेल पाठवायला लावायचा, एवढीच रणनीती. क्रॉसरेफकडे भरलेल्या याद्यांपैकी त्याआधी जेमतेम १ टक्का खुल्या होत्या. मोहीम जाहीर झाली त्या दिवशी ते प्रमाण ४० टक्क्यांवर गेलेलं होतं, कारण स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस यांसारखे मोठे प्रकाशक आधीच राजी झाले होते. एल्सेव्हिअर मात्र नाही. वही त्यांची, यादीही त्यांची. फुकट का द्या?

मग जानेवारी २०१९ मध्ये एक प्रसंग घडला. 'जर्नल ऑफ इन्फॉर्मेट्रिक्स' हे एल्सेव्हिअरचं नियतकालिक याच विषयाचं, म्हणजे सायटेशनच्या अभ्यासाचं. त्याच्या संपादक मंडळानं प्रकाशकाकडे मागण्या मांडल्या होत्या आणि संदर्भयाद्या खुल्या करा ही त्यांतली एक होती. प्रकाशक ऐकेना, तेव्हा अख्ख्या मंडळानं एकत्र राजीनामा दिला आणि एमआयटी प्रेसबरोबर 'क्वांटिटेटिव्ह सायन्स स्टडीज' हे नवं नियतकालिक काढलं. फौजेत असं सामुदायिक पाऊल उचललं तर त्याला वेगळं नाव आहे आणि त्याची शिक्षाही वेगळी आहे. पण प्राध्यापकांनी केलं ते मला आवडलं. ज्या माहितीवर आपला अभ्यास उभा आहे तीच दुसऱ्याला तपासता येत नसेल, तर तो अभ्यास कसला?

डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हिअरनं माघार घेतली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्या याद्या खुल्या झाल्या. जून २०२२ पासून क्रॉसरेफनं तर बंद ठेवायचा पर्यायच काढून टाकला. तिथे भरलेली प्रत्येक संदर्भयादी आता खुली असते. ओपनसायटेशन्सच्या वहीत आज २०० कोटींहून अधिक सायटेशनं आहेत. जानेवारी २०२२ मध्ये 'ओपनॲलेक्स' सुरू झालं. नाव अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून घेतलेलं. लेख, लेखक, संस्था, सायटेशनं, सगळं तिथे शोधता येतं आणि सगळं उतरवूनही घेता येतं.

इथे कुणीतरी म्हणेल, गूगल स्कॉलर २००४ पासून फुकट आहेच की. आहे, मीही वापरतो. पण फुकट आणि खुलं यांत फरक आहे. गूगल स्कॉलर म्हणजे दुकानदारानं काचेतून दाखवलेली वही. एकेक पान बघा, पण वही हातात मिळणार नाही, बेरीज पडताळता येणार नाही, आणि उद्या दुकानदारानं शटर ओढलं तर तक्रार करायची सोय नाही. मायक्रोसॉफ्टचं 'ॲकॅडेमिक ग्राफ' असंच २०२१ अखेर बंद झालं. पण त्यातली माहिती खुल्या परवान्यानं दिलेली होती, म्हणून ओपनॲलेक्सला ती उचलून पुढे नेता आली.

या सगळ्याचा तुमच्या-आमच्या जिवाशी काय संबंध, तेही सांगतो. मे २०२० आठवा. कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालतं की नाही हा वाद जोरात होता. 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध आला, की या गोळीनं मृत्यू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनं त्या गोळीची चाचणी थांबवली. मग निबंधामागची आकडेवारीच कुणाला पडताळता येईना, आणि ४ जूनला तो मागे घेतला गेला. त्याच दिवशी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'नंही त्याच कंपनीच्या आकडेवारीवरचा आणखी एक निबंध मागे घेतला. विषय संपला असं वाटेल. पण 'सायन्स'नं त्या दोन निबंधांचा उल्लेख करणारे नंतरचे २०० लेख तपासले, तेव्हा निम्म्याहून जास्त लेखांत ते निबंध मागे घेतल्याचा पत्ताच नव्हता. बिनदिक्कत आधार म्हणून वापरलेले. वकिलाच्या भाषेत, रद्द झालेला निकाल कोर्टात दाखवलेला. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रॉसरेफनं 'रिट्रॅक्शन वॉच'ची मागे घेतलेल्या निबंधांची यादी विकत घेऊन खुली केली. आता खुली सायटेशनं एका हाताला आणि ही यादी दुसऱ्या हाताला ठेवली, की कुठला लेख कुजलेल्या वाशावर उभा आहे ते कुणालाही शोधता येतं. त्यासाठी कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही.

आता आमच्या बंगळूरुकडे येतो. वाचनाचं आणि ज्ञानाचं मोजमाप करायची कल्पना या गावाला नवी नाही. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावावं म्हणून त्यांनी १९४८ मध्येच 'लायब्रेमेट्री' हा शब्द सुचवला होता. आयुष्याची शेवटची वर्षं ते इथेच राहिले आणि १९६२ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रलेखनाचं संशोधन आणि प्रशिक्षण देणारं केंद्र सुरू केलं. ते आजही चालू आहे. रंगनाथन मोजत होते ते वाचकाची सोय व्हावी म्हणून.

आज मोजतात ते पगारवाढीसाठी. आमच्या शेजारी एक ताई राहतात, एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. वर्षाला अमुक 'स्कोपस इंडेक्स्ड' निबंध हवेत, अमुक सायटेशनं हवीत, नाहीतर वेतनवाढ नाही. आणि त्या कॉलेजात स्कोपसची वर्गणीच नाही! फुकटात थोडी झलक दिसते, पूर्ण वही उघडत नाही. म्हणजे ज्या वहीत बाईंची हजेरी लागते, ती वही बाईंना बघायला मिळत नाही. आमच्या वेळी वार्षिक गोपनीय अहवाल असायचा, त्याची आठवण झाली. पण तो निदान आपलेच साहेब लिहीत.

हे फक्त एका कॉलेजाचं नाही. देशातल्या शिक्षणसंस्थांची सरकारी क्रमवारी, एनआयआरएफ, निबंधांचे आणि सायटेशनचे आकडे वेब ऑफ सायन्स आणि स्कोपसवरूनच घेते. बोगस नियतकालिकांना चाळणी लावण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं 'यूजीसी-केअर' यादी केली होती. तिचा कक्ष पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं ती यादीही बंद केली आणि जबाबदारी संस्थांवर टाकली. आता संस्था काय करणार? 'स्कोपसमध्ये आहे ना, मग बरं' असं म्हणून मोकळ्या होणार.

आकड्यावर बक्षीस लावलं की आकडा वाढतोच. २०२३ मध्ये 'सायन्स' आणि रिट्रॅक्शन वॉचनं चेन्नईतल्या एका दंतवैद्यक महाविद्यालयाची हकीकत छापली. तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांकडून परीक्षेत निबंध लिहून घेत, ते प्रसिद्ध करत आणि त्यांत आपल्याच कॉलेजातल्या लोकांच्या कामाचे ढिगानं उल्लेख असत. असली चलाखी पकडायची तर कोण कुणाचं नाव घेतं ही सगळी साखळी समोर मांडावी लागते. ती खुली असेल तर हे काम एखादा पत्रकार, एखादा विद्यार्थी, किंवा माझ्यासारखा रिकामा निवृत्त माणूसही करू शकतो. २०२५ च्या क्रमवारीत एनआयआरएफनं मागे घेतलेल्या निबंधांचे गुण वजा करायला सुरुवात केली, हे चांगलं झालं. पण ज्या वह्यांवरून गुण ठरतात त्या लोकांना उघडून बघता येत नसतील, तर गुणपत्रिका मान्य का करायची, हा माझा साधा प्रश्न आहे.

बाहेर हा प्रश्न लोकांनी विचारला आहे. नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठानं २०२४ च्या सुरुवातीला आपल्या क्रमवारीची एक आवृत्ती पूर्णपणे ओपनॲलेक्सवर काढली. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठानं त्याच वर्षापासून वेब ऑफ सायन्सची वर्गणी सोडली. एप्रिल २०२४ मध्ये संशोधनाविषयीची माहिती खुली हवी असं सांगणारं बार्सिलोना घोषणापत्र निघालं. आपल्या सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० संस्था. सरकारी संस्थांतल्या मुलांना वाचायला मिळेल, मला आनंद आहे. पण ही योजना वाचण्याची आहे, मोजण्याची नाही. त्या ताईंचं कॉलेज खासगी, त्यामुळे त्यांना वाचायलाही मिळणार नाही.

खुल्या वहीतही घोळ आहेत, ते झाकून ठेवणार नाही. पहिला नावांचा. 'एस. कुलकर्णी' या नावानं किती माणसं निबंध लिहीत असतील? संगणक त्यांतल्या चौघांना एक समजतो आणि एकाचे तीन करतो. इकडे कर्नाटकात तर वडिलांचं नाव, गावाचं नाव आद्याक्षरांत आणि स्वतःचं नाव शेवटी, त्यामुळे आडनाव कुठलं हेच यंत्राला समजत नाही. यावर उपाय म्हणजे लेखकाचाही पर्सनल नंबर. ओर्सिड नावाचा, २०१२ पासून मिळतो आणि फुकट मिळतो. तुमच्या घरात कुणी पीएचडी करत असेल तर आजच काढायला सांगा. बंद वह्यांतही नावांचे घोळ होतातच. फरक एवढाच, की खुल्या वहीतली चूक बाहेरच्या माणसालाही सापडते आणि दाखवता येते.

दुसरा घोळ मोठा आहे. क्रॉसरेफकडे भरलेलं खुलं झालं, न भरलेलं नाही. पुष्कळ छोटे प्रकाशक डीओआय घेतात पण संदर्भयादी भरत नाहीत, कारण ती नीट लावून भरणं कष्टाचं काम आहे. आणि मराठीतल्या बहुतेक नियतकालिकांतल्या लेखांना डीओआयच नसतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची. राजवाड्यांनी साधनांचे खंड काढले, त्यांचा आधार घेऊन शंभर वर्षं लोक लिहिताहेत. मराठी लेखकानं मराठी लेखात राजवाड्यांचा उल्लेख केला, तर जगातल्या बहुतेक वह्यांत त्याची नोंद होत नाही, खुल्या असोत की बंद. हेच कापरेकरांच्या घरी छापलेल्या पुस्तिकांचं.

पण यात एक गोष्ट आता बदलली आहे. स्कोपसमध्ये कुणाला घ्यायचं हे स्कोपस ठरवतं. क्रॉसरेफचा सभासद कुठलीही छोटी संस्था होऊ शकते. वर्षाची वर्गणी आणि प्रत्येक क्रमांकामागे थोडं शुल्क, इंग्रजीची अट नाही, देवनागरीतलं शीर्षकही चालतं. एखाद्या त्रैमासिकाच्या संपादकांनी ठरवलं, की पुढच्या अंकापासून प्रत्येक लेखाला क्रमांक घ्यायचा आणि खालची यादी नीट भरायची, तर तो अंक त्या २०० कोटींच्या वहीत जाऊन बसतो. जुने अंकही मागून भरता येतात, फक्त त्यासाठी कुणीतरी बसून तळटिपा टाइप कराव्या लागतील. तुमच्यापैकी कुणी अशा नियतकालिकाशी संबंधित असाल आणि संपादक तयार असतील, तर टायपिंगसाठी माझे रोजचे दोन तास धरायला हरकत नाही. मराठी टायपिंग मी लॉकडाउनमध्ये शिकलोय.